तिसरी शिळा

१

आधी मला लोखंड दिसलं.

तात्या ओसरीवरच्या खांबाला टेकून बसले होते. डोळे अर्धवट मिटलेले, आणि उजव्या हातात शिक्के कोरायची टाकी. माझे वडील यज्ञेश्वरशास्त्री शाळिग्रामांचे परीक्षक होते. देवाच्या दगडाला त्यांनी उभ्या आयुष्यात लोखंड लावलं नव्हतं. हे काय धरलंत, असं म्हणत मी टाकी घ्यायला वाकले. ती सहज निघून आली. बोटं तिच्याभोवती नुसती ठेवल्यासारखी होती, आणि थंड होती.

समोरच्या पाटावर तिसरी शिळा फुटून पडली होती.

मी खाली बसले. बराच वेळ गेला असावा, कारण अंगणात ऊन आलं तेव्हा कुठे मी भिंतीवर मूठ आपटून शेजारच्या बिऱ्हाडातल्या श्रीधरला हाक मारली. श्रीधर माझा चुलतभाऊ आणि तात्यांचा शिष्य. तो धावत आला आणि उंबरठ्यातच थांबला. "काकांनी हे काय केलं गं अक्का?" एवढंच तो म्हणाला.

तात्यांना ओंकारेश्वराच्या घाटावर नेईपर्यंत अर्ध्या नारायण पेठेत बातमी पसरली होती. शास्त्र्याने हावेपायी देव फोडला आणि देवाने त्याला जागच्या जागी बसवला. मुलगा नसल्यामुळे अग्नी श्रीधरने दिला. परत येताना क्रियेच्या ब्राह्मणांपैकी वडीलधारे होते ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "दहाव्याचं मात्र आम्हाला धरू नका. ज्याने शाळिग्राम फोडला त्याच्या पिंडाला आम्ही बसणार नाही. आधी काय तो निर्णय होऊ दे."

"प्रायश्चित्त घेऊ आपण काकांच्या नावाने," श्रीधर घाईने म्हणाला. "मी घेतो. त्यात काय!"

त्यात काय, हे मला त्या दिवशी सांगता आलं नाही. प्रायश्चित्त घेणं म्हणजे तात्यांनी ते केलं, असं त्यांच्या माघारी कबूल करणं.

२

त्या शिळा तिथे कशा आल्या, ते सांगायला हवं.

खडकवासल्याच्या वाटेवर नदीकाठी तुळजाबाईंचं देऊळ उभं राहत होतं. तुळजाबाई एका सरदाराच्या विधवा, बोलायला फटकळ. मुक्तिनाथाच्याही पलीकडून आलेल्या एका गोसाव्याने त्यांना तीन लहान काळ्या शिळा दिल्या आणि तो पुढे रामेश्वराला निघून गेला. प्रत्येक शिळेत एक किडा होता, बोटाच्या पेराएवढा. पाठीवर तीन उभे उंचवटे, त्यांवर आडव्या बारीक बरगड्या, पुढे ढालीसारखं डोकं. पहिल्या शिळेत तो पुरा दिसत होता. दुसरीत तो डिवचल्यासारखा अंगाची गुंडाळी करून बसला होता. तिसरीत नुसतं डोकं बाहेर होतं. बाकी अंग दगडात.

शाळिग्रामातलं चक्र वज्रकीट कोरतो असं पुराणात आहे. तुळजाबाईंना वाटलं, हाच तो. तिन्ही शिळा गाभाऱ्यात ठेवायच्या, असं ठरवूनच त्या आमच्याकडे आल्या होत्या.

"तीन ठेवता यायच्या नाहीत," तात्या म्हणाले होते. "शाळिग्राम पुजायचा तर एक, नाहीतर सम. त्यातही दोन वर्ज्य. चार चालतील, सहा चालतील. तीन, पाच चालत नाहीत."

"मग चौथा आणा कुठूनतरी!"

"आधी हे काय आहे ते तरी पाहू, बाईसाहेब."

तात्या घरात एकटेच असत आणि त्यांची नजर मंदावली होती. सुरतेहून आणवलेलं भिंग त्यांच्याकडे होतं, पण त्यातून बघायची मी. माझं सासर कसब्यात. यजमान लष्कराबरोबर उत्तरेत. सासूबाईंना सांगून मी दर दोन-चार दिवसांनी तात्यांकडे जात असे. मी बघायचं आणि सांगायचं, त्यांनी प्रश्न विचारायचे. डोळे कसे आहेत? मी सांगितलं, जोंधळ्याच्या कणसासारखे, दाण्याला दाणा लागून. हत्याराची खूण कुठे दिसते? कुठेच नाही. तरी खात्री असावी म्हणून त्यांनी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मैनुद्दीन शिक्केकऱ्याकडून त्याची बारीक टाकी मागून घेतली. त्या टाकीने मला एका साध्या पाटीवर ओरखडे काढायला लावले आणि ते भिंगातून ताडून पाहायला सांगितले. ओरखडे निराळे होते. किडा माणसाने कोरलेला नव्हता.

"वज्रकीटही नव्हे," तात्या म्हणाले. "वज्रकीट दगड पोखरतो. हा दगडात बुडालेला आहे. कधीतरी हा चिखल असेल आणि हा त्यात जगत असेल."

तिसरी शिळा पाण्यात भिजवून ते बाभळीच्या काट्याने पापुद्रा पापुद्रा काढत होते. मानेपर्यंत आल्यावर एके दिवशी मला भिंगातून दिसलं की ढालीच्या कोपऱ्यातून केसाएवढा बारीक काटा मागे गेला आहे आणि वरच्याच पापुद्र्याला चिकटला आहे. मी तसं सांगितलं. तात्या थांबले. त्यांनी उघड्या कडेवर मेण लावलं आणि अंगठ्याने दाबून बसवलं.

"आता पुढे नाही. दिसतं तेवढं पुरे. गेलेलं परत दगडात घालता येत नाही, द्वारके."

दुसऱ्या दिवशी तुळजाबाईंना ते आपला निर्णय सांगणार होते. ते ऐकायला म्हणून मी सकाळीच गेले होते.

३

चावडीवरून श्यामजीपंत आले. कोतवालाचे कारकून, वाळके, सतत तपकीर ओढणारे. दारातूनच म्हणाले, "आपण रडून घ्या. मी थांबतो. चावडीवर माझी कुणी वाट बघत नाही."

"रडून झालंय," मी म्हटलं.

"बरं." त्यांनी फुटलेल्या शिळेचे तुकडे फडक्यात बांधले, मोहोर केली. माझं बोलणं सगळं ऐकून घेतलं. "लोखंड न लावणारे शास्त्री. मान्य. पण अशा माणसाने लोखंड लावलं की लोक म्हणतात, बुद्धी फिरली. लोकांना ते जास्त आवडतं. टाकी कुणाची?"

टाकी मैनुद्दीनची होती. त्याला चावडीवर बसवलं. मी तिथे गेले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"बेटी, शास्त्रीबुवांना मी म्हटलं होतं, टाकी राहू दे चार दिवस, मला घाई नाही. आता चावडी तिला मुदपाकखान्यात वापरते की काय कोण जाणे."

"त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होतात, चाचा?"

"घरी. बायको सांगेल. पण बायकोचं कोण ऐकतं? मीच ऐकत नाही." मग हसू मावळलं. "मला कुणाचा देव फोडून काय करायचंय? शिक्क्याची एक रेघ तुटली तर मला रात्रभर झोप लागत नाही."

तुळजाबाई माझ्याकडे स्वतः आल्या. मेणा दारात, बोलणं अंगणात. सुतकाच्या घरात त्या वर चढल्या नाहीत.

"त्या दिवशी दुपारी मी आले होते, हे सांगायला कारकून नको, मीच सांगते. तुझ्या बापाला म्हटलं, उघडा तो तिसरा. पुरा वज्रकीट दाखवील त्याच्या हाती देवळाची पूजा देईन. तुझा बाप हसला. मी तणतणत गेले. म्हणून मी फोडला का? मला फोडायचाच असता तर देवळावर पाथरवट हवे तितके पडलेत."

"दुपारी ओसरीवर आणखी कोण होतं?"

"कोण असणार! तुझा भाऊ पाणी घेऊन आला, ठेवून गेला." मग त्यांनी आवाज उतरवला. "हे बघ, मुली. कारकुनाला एवढंच सांग की दिवेलागणीला शिक्केकरी या दारातून जाताना कुणीतरी पाहिला. टाकी त्याची आहेच. तुझा बाप मोकळा होईल, दहावा होईल. माझ्या देवळाच्या नावालाही डाग नको."

त्या गेल्यावर मी कितीतरी वेळ अंगणात उभी होते. वाक्य छोटंसंच होतं. एकदा बोलून बघावं अशा इच्छेने ते जिभेवर येऊन बसलं होतं.

४

लग्न झालेल्या लेकीला बापाचं सुतक तीन दिवसांचं. श्रीधरला दहा दिवसांचं. चौथ्या दिवशी मी न्हाले आणि श्यामजीपंतांकडे ते तुकडे मागितले. आता मला त्यांना हात लावता येत होता. ते स्वतः घेऊन आले, मोहोर फोडली आणि तपकिरीची डबी काढून बसले.

मी मेण मऊ करून तुकडे जोडायला लागले, फुटलं मडकं जोडून बघावं तसे. एका तुकड्याच्या कडेला जुनं मेण तसंच होतं आणि त्यावर तात्यांच्या अंगठ्याच्या रेषा होत्या. तिथे माझा हात थांबला. श्यामजीपंत अंगणातल्या तुळशीकडे बघत राहिले.

शिळा उभी राहिली. खालून, बाजूंनी सगळं जुळलं. वर किडा, डोक्यापासून शेपटापर्यंत उघडा. काटा मात्र कुठे दिसेना.

आणि मग माझ्या लक्षात आलं.

"याची पाठ उघडी आहे."

"दिसतंय."

"मग पाठीवर जे होतं, ते कुठे आहे?"

त्यांनी डबी मिटली. "चुरा झाला असेल."

"हा दगड चुरा होत नाही. पापुद्र्याने सुटतो. मी महिनोन्‌महिने हेच बघतेय. वरचा भाग झाकणासारखा अख्खा निघाला असणार, तळहातावर मावेल एवढा. पाटावर नव्हता. मी पाट उचलला तेव्हा खालीही नव्हता."

"म्हणजे कुणीतरी नेला." ते सावकाश म्हणाले. "गेलेला माणूस काही नेत नाही. ओसरीवर दुसरं कुणीतरी होतं. आपले वडील सुटले."

त्यांनी पुढचं बोलायची वाट मी बघत होते, आणि ते बोलले.

"आणि मैनुद्दीन अडकला. टाकी त्याची, ओसरीवर दुसरा कोण तर तो. ब्राह्मणांना हे आजच सांगितलं तर उद्या ते दहाव्याला हो म्हणतील. एवढं पुरे का आपल्याला?"

पुरे होतं. तात्यांसाठी पुरे होतं.

"चाचांना ते झाकण कशाला हवं?" मी विचारलं.

"कुणालाही कशाला हवं?"

"आतून ते खोलगट असणार. बरगड्यांच्या रेघा त्यात उलट्या उमटलेल्या. ओलं करून बघितलं तर शाळिग्रामातलं चक्रच वाटेल."

श्यामजीपंत उठले. "चक्र कुणाला वाटेल, ते तुम्ही शोधा. चावडीवर एवढं शिकलेलं कुणी नाही. पण उद्या दुपारी मला काहीतरी लिहावं लागेल."

त्या रात्री मी जेवले नाही. झाकण कुठे असेल? नदीत असेल तर संपलं. ज्याने फोडली त्याने ते नदीत टाकलं असेल, तर मैनुद्दीनचाचांना त्या चावडीतून मी कशी सोडवणार होते?

५

सकाळी बाळंभट आला. तो तात्यांच्या गोत्राचा नव्हता, त्याला सुतक नव्हतं, म्हणून सुतकातली देवपूजा त्याच्याकडे दिली होती. आमची आणि श्रीधरच्या बिऱ्हाडातली, दोन्ही. माणूस घाईचा. चार घरच्या पूजा उरकायच्या असायच्या. तो अंगणातली तुळस खुडत नेहमीप्रमाणे पुटपुटत होता.

"एक इथे, पाच तिकडे. एक इथे, पाच तिकडे. अहो द्वारकाताई, या तुळशीला पाणी घाला हो कुणीतरी. रोजची सहा पानं, कोवळी कुठून आणू?"

हे तो रोज म्हणत होता. मी रोज ऐकत होते. तात्यांच्या देवघरात एकच शाळिग्राम होता, त्याला एक पान.

"बाळंभट, थांबा. तिकडे किती?"

"पाच."

"शाळिग्राम पाच आहेत?"

"मला काय विचारता? ताम्हनात जितके निघतात तितकी पानं ठेवतो. पहिल्या दिवशी चार ठेवली तर श्रीधरपंत दारातून ओरडले, त्या खालच्यालाही वाहा म्हणून. लहानसा आहे, पालथा ठेवतात."



श्यामजीपंतांना आणायला मी बाळंभटालाच पिटाळलं. ते आले, मी सांगितलं, आणि आम्ही तिघे श्रीधरच्या दारात गेलो. तो माजघरात घोंगडीवर बसला होता. सुतकामुळे देवघरापासून लांब. मला बघून उठला.

"श्रीधरपंत," श्यामजीपंत म्हणाले, "आपल्या घरी शाळिग्राम किती?"

"चार. का?"

"बाळंभट, पानं किती आणलीत?"

"पाच," बाळंभट म्हणाला. आणि मग पहिल्यांदाच त्याने आपल्या हातातल्या पानांकडे नीट बघितलं.

"यज्ञेश्वरशास्त्र्यांचा शिष्य," श्यामजीपंत म्हणाले, "पाच शाळिग्राम पुजतो. आमच्यासारख्या कारकुनाने पुजले असते तर चाललं असतं. आम्ही अडाणी."

मी देवघरात गेले. ताम्हनात चार गोल काळे शाळिग्राम होते आणि त्यांच्याआड पाचवा, चपटा, पालथा, कालचं चंदन लागलेला. मी तो उलटा केला. आत खोलगट रेघा होत्या.

मी घरून फडक्यात आणलेली शिळा सोडली आणि ते झाकण तिच्यावर ठेवलं. ते बसलं. कडेतून केस जाणार नाही असं बसलं.

श्रीधर भिंतीला टेकून खाली बसला.

"टाकवलं नाही गं, अक्का. मी नदीपर्यंत नेलं होतं. चक्र दिसत होतं त्यात. ते टाकायचं, की घरात आणून उपाशी ठेवायचं? आणि मला हात लावता येत नव्हता." त्याने आपल्या सुतकी हातांकडे बघितलं. "तुळजाबाई म्हणाल्या होत्या, जो पुरा दाखवील त्याला पूजा. काका कधीच उघडणार नव्हते. ते मागे विहिरीवर संध्येला बसले होते. मला वाटलं, एकच ठोका, आणि बरोबर थराने सुटेल."

"सुटली बरोबर," मी म्हटलं. "मग?"

"काका आले. बघितलं. काही बोलले नाहीत. खांबाला टेकून बसले. पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन येईपर्यंत..." त्याने मान वर केली. "मी त्यांना मारलं नाही."

"नाही," श्यामजीपंत म्हणाले. "पण टाकी त्यांच्या हातात ठेवलीत."

"भ्यालो होतो."

"ठेवताना मूठ वळवायला विसरलात. द्वारकाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मला, टाकी सहज निघाली म्हणून. मला त्याचा अर्थ लागत नव्हता."

मी श्रीधरला एकच विचारलं. "तात्यांनी पाणी मागितलं, ते तू दिलंस का?"

त्याने मान हलवली. नाही.

६

दुपारी श्यामजीपंतांनी चावडीवर क्रियेचे ब्राह्मण बोलावले आणि श्रीधरला सगळं त्याच्याच तोंडून सांगायला लावलं. मैनुद्दीनचाचा सुटले. जाता जाता म्हणाले, "टाकी तुझ्याकडेच राहू दे, बेटी. मला आता तिने कोरवणार नाही." मला नको होती, पण मी घेतली.

राहिला दहावा. मी म्हटलं, श्रीधर नको. ब्राह्मण म्हणाले, ज्याने अग्नी दिला त्यालाच क्रिया पुरी करावी लागते, मध्येच हात बदलत नाहीत. त्याचं प्रायश्चित्त त्याचं, ते नंतर. तात्यांचं नाव स्वच्छ झालं होतं, आणि त्यांना पिंड त्याच हातून मिळणार होता. दोन्ही एकदम गिळायची मला सवय नव्हती.

ओंकारेश्वराच्या घाटावर श्रीधरने पिंड ठेवला आणि तो मागे सरतो न सरतो तोच कावळा शिवला. कुणाला काही कबूल करायची वेळच आली नाही.

"शास्त्रीबुवांनी कुणाला ताटकळत ठेवलं नाही कधी," श्यामजीपंत मागून म्हणाले आणि तपकीर न ओढताच शिंकले.

तेराव्यानंतर तुळजाबाई आल्या. या वेळी वर चढल्या, पाटावर बसल्या आणि तात्यांकडे राहिलेल्या दोन अख्ख्या शिळांपैकी दुसरी माझ्यापुढे ठेवली. ती गुंडाळी झालेल्या किड्याची.

"तुझ्या बापाचा निर्णय राहिलाच. आता तू सांग. हा वज्रकीट का? आणि याची गुंडाळी उघडून बघायची का? मैनुद्दीनला सांगते, तो हलक्या हाताने करील."

माझ्यामागून बोलायला आता कुणी नव्हतं. मी भिंग लावलं आणि जितका वेळ लावायचा तितका लावला.

"वज्रकीट नाही. कुणी कोरलेलाही नाही. चिखलात जगणारं काहीतरी होतं, भ्यालं आणि अंग मिटून घेतलं. उघडायला गेलात तर अंग नाही मिळणार, फक्त तुकडे मिळतील. गाभाऱ्यात ठेवायचा असेल तर एकच ठेवा, पहिला, जो पुरा दिसतो तो. वज्रकीट म्हणून नको, नुसता शाळिग्राम म्हणून."

"बापासारखीच आहेस. ऐकायला नको वाटतं ते आधी सांगतेस." मग त्यांनी पहिली आणि दुसरी शिळा उचलली. "ती फुटकी तू ठेव. मला ती बघवत नाही."

त्या गेल्यावर मी तिसरी शिळा पुढ्यात घेतली. किड्याच्या पाठीवर तो केसाएवढा काटा नव्हता. ठोक्यात गेला, हे मला माहीत होतं. झाकण उचलून मी त्याची आतली बाजू उन्हात धरली आणि भिंग लावलं. तिथेही काटा नव्हता. पण जिथे तो होता तिथे, खोलगट बरगड्यांच्या कडेने, एक बारीक रेघ शेवटपर्यंत गेली होती. त्याच्या लांबीची, त्याच्याच वळणाची.

तात्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, काटा गेला, त्याची जागा आहे.

मी मेण मऊ केलं, झाकण जागेवर बसवलं आणि कडेने अंगठा दाबत गेले. जिथे त्यांचा अंगठा उमटला होता, तेवढी जागा सोडून.